पदवी आणि पहिला वर्ग : प्राथमिक शिक्षकाच्या घडणीतील विद्यापीठीय शिक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. कापसाचा परिसर आणि जिल्हाभर प्रसिद्ध असलेला तान्हा पोळा ही त्याची ओळख. अशा गावातील महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा आसपासच्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपरिषदेच्या शाळेतून आलेला असतो. पदवीनंतर ज्या मोजक्या नोकऱ्या त्याला आपल्या आवाक्यातल्या वाटतात, त्यांत शिक्षकाची नोकरी अग्रभागी असते. त्याला ती मिळाली तर तो पुन्हा अशाच एखाद्या शाळेत जातो आणि त्याने शिकविलेली मुले दहा-बारा वर्षांनी आपल्याच प्रथम वर्षाच्या वर्गात येऊन बसतात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सलग परिच्छेद लिहिता येत नाही, साधा शेकडा काढता येत नाही, अशी तक्रार प्राध्यापक-कक्षात नेहमी ऐकू येते. ही तक्रार खरी असेल तर तिचा एक धागा आपल्या स्वतःच्या अध्यापनापर्यंत येऊन पोहोचतो, ही गोष्ट मात्र क्वचितच विचारात घेतली जाते.

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणातील निकालात बी.एड. ही पदवी इयत्ता पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्र अर्हता ठरत नाही, असे स्पष्ट केले. या निकालाने पदवीधरांच्या नोकरीचा प्रश्न निर्माण झाला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु या निकालाच्या मुळाशी असलेला शैक्षणिक प्रश्न तितक्या गांभीर्याने चर्चिला गेला नाही. तीन वर्षांची पदवी आणि त्यापुढील दोन वर्षांचे शिक्षणशास्त्र घेतलेली व्यक्ती पहिलीच्या वर्गाला शिकविण्यास अपात्र ठरत असेल, तर त्या पाच वर्षांत विद्यापीठाने तिला नेमके काय दिले आणि काय दिले नाही?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विद्यापीठीय शिक्षण भावी शिक्षकाला विषयाचे सिद्ध झालेले रूप देते. त्या विषयाचा आरंभ त्याला पुन्हा तपासून पाहू देत नाही. प्राथमिक शिक्षकाचे सारे काम मात्र या आरंभाशीच असते. ही उणीव अभ्यासक्रमाचा कालावधी वाढवून किंवा प्रमाणपत्राचे नाव बदलून भरून निघणारी नाही. तिची जबाबदारी शिक्षणशास्त्राच्या विभागाइतकीच मराठी, गणित, इतिहास, भूगोल या विभागांचीही आहे.

दुराव्याची पूर्वपीठिका

विद्यापीठ आणि प्राथमिक शाळा यांच्यातील दुरावा नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणधोरणावर जी टीका केली, तिचा रोख मुख्यतः याच दुराव्यावर होता. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खालपर्यंत झिरपेल, हे गृहीतक त्यांनी नाकारले आणि उच्चशिक्षितांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी आजवर काय केले, असा रोकडा सवाल विचारला. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी समाजातून आलेला असावा आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटू नये, असेही त्यांनी सुचविले. शिक्षकाची सामाजिक जवळीक आणि त्याच्या अध्यापनाची गुणवत्ता यांचा संबंध त्यांनी त्या काळी ओळखला होता, हे विशेष.

या निवेदनानंतर पंचावन्न वर्षांनी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम हे तिचे मुख्य ठराव. ते तपशिलात मांडण्यासाठी जी समिती नेमली गेली तिची रचना लक्षणीय आहे. अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे बर्लिन येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले आणि जामिया मिलियाचे कुलगुरू. सदस्यांमध्ये अलीगढच्या प्रशिक्षण महाविद्यालयाशी संबंधित ख्वाजा गुलाम सैयदैन, अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा, जे. सी. कुमारप्पा, तसेच विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला आणि शांतिनिकेतनाचा अनुभव घेऊन वर्ध्यास आलेले आर्यनायकम् व आशादेवी हे दाम्पत्य. भारतातील उच्चविद्याविभूषितांनी पहिलीपासूनच्या अभ्यासक्रमावर एकत्र बसून विचार केल्याचे इतके ठळक उदाहरण आपल्याकडे विरळाच सापडेल.

या समितीने शिक्षकाच्या तयारीसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम सुचविला आणि तातडीची गरज भागविण्यासाठी एका वर्षाचा अल्प अभ्यासक्रम आखला. शिक्षकाला हस्तव्यवसायाची सर्व प्रक्रिया स्वतःच्या हातांनी यावी आणि त्या प्रक्रियेतून गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचा समवाय साधता यावा, ही तिची अपेक्षा होती. सूत मोजताना गुणाकार कोठे येतो, कापसाच्या प्रवासात भूगोल कोठे येतो, हे शिक्षकाला दिसले पाहिजे. आजच्या भाषेत सांगायचे तर शिक्षकाने विषय पुन्हा एकदा मुळापासून, वस्तूच्या आधाराने बांधून पाहावा, असा हा आग्रह होता.

परंतु हा विचार विद्यापीठाच्या आवारात शिरला नाही. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले होते. सेवाग्राम त्याच्या अगदी जवळ होते. तरीही बुनियादी शिक्षकांचे प्रशिक्षण हिंदुस्थानी तालिमी संघ आणि शासकीय प्रशिक्षणशाळा यांच्याकडेच राहिले. पुढेही हीच व्यवस्था कायम झाली. आज आपल्या राज्यात माध्यमिक शिक्षकाची बी.एड. पदवी विद्यापीठाच्या कक्षेत येते, तर प्राथमिक शिक्षकाची अध्यापक पदविका शासनाच्या शैक्षणिक परिषदांच्या कक्षेत. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षक-प्रशिक्षणाच्या या एकाकीपणावर बोट ठेवून ते विद्यापीठीय जीवनाशी आणि प्रत्यक्ष शाळांशी जोडण्याची शिफारस केली होती. ती मुख्यतः कागदावरच राहिली. परिणामी पहिलीचे वाचन किंवा दुसरीची वजाबाकी हा ज्ञानाचा विषय असू शकतो, ही कल्पनाच विद्यापीठीय विभागांत रुजली नाही.

अर्हतेचा वाद आणि त्याच्या मर्यादा

गेल्या दीड दशकात प्राथमिक शिक्षकाची चर्चा प्रामुख्याने अर्हतेभोवती फिरली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेद्वारे पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची प्राथमिक शिक्षण पदवी, तसेच शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक केली. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांनाही, नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या अटीवर, हे दार खुले केले. २०२३ च्या निकालाने ते बंद झाले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने हा निकाल पुढील नियुक्त्यांना लागू असल्याचे स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षेची अट घातली.

२०२३ च्या निकालातील तर्क शैक्षणिकदृष्ट्या विचारार्ह आहे. बी.एड. चे प्रशिक्षण माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरासाठी आहे, लहान मुलांना शिकविण्याचे वेगळे कौशल्य त्यात अभिप्रेत नाही, आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क म्हणजे दर्जेदार शिक्षणाचा हक्क होय, असा त्याचा आशय. हा तर्क मान्य करूनही एक प्रश्न उरतो. बी.एड. अपात्र ठरले म्हणून पदविका आपोआप पुरेशी ठरते काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला कटू अनुभवातून मिळालेले आहे. राज्यातील २९१ खासगी अध्यापक विद्यालयांना मान्यता देण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच २०११ साली न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाच्या तपासणीत यांपैकी बहुसंख्य संस्था निकषांना उतरल्या नाहीत. ऑगस्ट २०१२ च्या आपल्या अहवालात आयोगाने प्राथमिक शिक्षकाची तयारी पदवीच्या स्तरावर न्यावी आणि ती बहुविद्याशाखीय संस्थांत व्हावी, असे सुचविले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हाच मार्ग पुढे नेऊन २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान अर्हता असावी, असे उद्दिष्ट ठेवले. २०२३–२४ पासून निवडक संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

म्हणजे प्राथमिक शिक्षकाची तयारी आता विद्यापीठाच्या अंगणात येऊ घातली आहे. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली चार वर्षांची प्राथमिक शिक्षण पदवी सुरू केली, टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केले, हे प्रयत्न आजवर अपवादात्मक होते. उद्या ती सामान्य व्यवस्था झाली तर एक धोका उघड दिसतो. एकात्मिक अभ्यासक्रमात एका बाजूस विषयाच्या प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या बाजूस शिक्षणशास्त्राच्या प्रश्नपत्रिका असे दोन समांतर रूळ टाकले जातील, आणि ते कोठेही एकमेकांना मिळणार नाहीत. आपल्या बी.एड. मध्ये ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ नावाचा घटक अनेक वर्षे शिकविला गेला. त्याचा हेतू हेच दोन रूळ जोडण्याचा होता. प्रत्यक्षात तो बहुशः आशय-विश्लेषणाचे तक्ते आणि पाठ टाचणातील रकाने भरण्यापुरता उरला. याचे कारण आशय पदवीत ‘शिकून झालेला’ आहे, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक तपासण्यासाठी दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण : तेवीस

दुसरीतील मूल ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिते. शिक्षक ती चूक समजून दुरुस्त करतो. मूल पुन्हा तीच चूक करते. वस्तुतः मूल ऐकल्याप्रमाणे लिहीत असते. ‘तेवीस’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर; अंकलेखनात दोन आधी येतात आणि तीन नंतर. मराठी संख्यानामांतील अडचण एवढीच नाही. ‘एकोणतीस’ मध्ये ‘तीस’ ऐकू येते, पण लिहायचे मात्र वीस आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा ‘एक कमी’चा नियम टिकतो, आणि नव्व्याण्णवला येऊन अचानक तुटतो. मुलाने शंभर नावे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावीत, अशी ही रचना आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात प्रचलित नावांसोबत ‘वीस तीन’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला. विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर या संख्या-सिद्धांतात संशोधन केलेल्या गणितज्ञ होत्या. या बदलावर राज्यभर गदारोळ झाला, तो विधिमंडळापर्यंत पोहोचला, आणि थट्टेला तर सीमाच उरली नाही. या पर्यायाशी मतभेद असू शकतात. रूढ नावे भाषेचे वैभव आहेत, बाजारात तीच चालतात, दोन पद्धतींनी मुलाचा गोंधळ वाढेल, हे आक्षेप विचारात घेण्यासारखेच आहेत. खेदाची बाब ही की, वादात उतरलेल्या सुशिक्षितांपैकी अनेकांना मुळात अडचण काय आहे हेच दिसले नव्हते. त्यांनी पदव्या घेतल्या होत्या; त्यांच्यापैकी काहींनी गणितातच घेतल्या असतील. पण ‘तेवीस’ या शब्दाकडे सहा वर्षांच्या मुलाच्या कानांनी पाहण्याची वेळ त्या पदवीने त्यांच्यावर कधी आणली नव्हती. याउलट एका संशोधक गणितज्ञ स्त्रीला ती अडचण दिसली, हे लक्षात घेतले पाहिजे. उच्च गणित प्राथमिक गणिताच्या आड येत नाही, उपयोगी पडते. मात्र त्यासाठी खाली उतरून पाहण्याची सवय लागते.

या संदर्भात लिपिंग मा यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला तौलनिक अभ्यास उद्‌बोधक आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ व चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोनला अर्ध्याने भागण्याचे उदाहरण दिले. पदवीधर अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना पूर्ण अचूक उत्तर आले, आणि त्या भागाकाराचा योग्य अर्थ सांगणारे शाब्दिक उदाहरण फक्त एकाला तयार करता आले. नऊ वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर दोन-तीन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेल्या चिनी शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर होते आणि बहुतेकांना अर्थही सांगता आला. अनेक अमेरिकन शिक्षकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘अर्धे करणे’ यांत गल्लत केली होती. आपल्या बी.एस्सी. च्या वर्गात हाच प्रश्न विचारून पाहावा. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या किलोच्या किती पुड्या होतील, असे विचारले तर किराणा दुकानात बसणारा मुलगा साडेतीन हे उत्तर चटकन देईल. तोच मुलगा फळ्यावर ‘छेद उलटा करून गुणायचे’ एवढेच सांगेल, आणि का उलटायचा हे विचारल्यावर थांबेल. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही मराठीची अपूर्णांकांची शब्दसंपत्ती त्याच्या तोंडी आहे. पदवीच्या अभ्यासक्रमाने तिचा आणि छेदाचा संबंध मात्र कधी जोडून दिला नाही.

दुसरे उदाहरण : मले

वर्धा परिसरातील अनेक घरांत मूल ‘मले पानी पायजे’ असे म्हणते, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणते, ‘तो जेवून राहिला’ असे म्हणते. पहिलीत आल्यावर त्याची ही भाषा अशुद्ध ठरते. ‘मले नाही, मला म्हण’ ही त्याला मिळणारी पहिली भाषिक सूचना असते. पुष्कळ मुले त्यानंतर वर्गात बोलणेच कमी करतात. जे मूल बोलत नाही त्याला वाचायला शिकविणे किती अवघड असते, हे प्राथमिक शिक्षक जाणतात.

मराठी विषयाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत भाषाविज्ञान आणि बोलींचा अभ्यास यांचा समावेश अनेक वर्षे होत आला आहे. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींत प्रमाण मराठीतील ‘ला’ प्रत्ययाऐवजी ‘ले’ येतो, ‘ळ’ च्या जागी ‘य’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो, हे नियम विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितो. बोली ही प्रमाणभाषेचे विकृत रूप नसून स्वतंत्र, नियमबद्ध व्यवस्था आहे, हे वाक्य तर त्याला तोंडपाठ असते. आणि तोच विद्यार्थी शिक्षक झाला की ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर लाल रेघ मारतो. या मुलाने आपल्या घरच्या ध्वनिव्यवस्थेनुसार अगदी काटेकोर लेखन केले आहे, म्हणजे त्याला ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध कळला आहे, ही आनंदाची खूण शिक्षकाच्या नजरेतून सुटते. परीक्षेतील ज्ञान आणि वर्गातील कृती यांच्यातील ही फट केवळ वैयक्तिक निष्काळजीपणाची नाही. बोलींचा पाठ शिकविताना पहिलीच्या मुलाची वही आपणच कधी वर्गात आणलेली नसते.

लीळाचरित्राची भाषा ज्या भूमीत घडली त्या रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे प्राचीन गद्य, बोलीकोश, भाषांतर यांवर काम होईल आणि ते व्हायलाच हवे. त्याचबरोबर वऱ्हाडी घरातील मुलाला प्रमाण मराठी वाचायला शिकविताना पहिले वर्षभर नेमके काय घडते, हा प्रश्नही त्या विद्यापीठाच्या संशोधनाचा विषय झाला, तर लोकांच्या बोलीत ज्ञान सांगण्याच्या महानुभाव परंपरेशी ते सुसंगतच ठरेल.

काही आक्षेप

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्राथमिक शिक्षकाला पदवीची आवश्यकताच काय? चिनी शिक्षकांचे उदाहरण तर हेच सांगते. अनुताई वाघांसारख्या शिक्षिकेने मोठी औपचारिक पात्रता हाती नसताना बोर्डी व कोसबाड येथे जे काम उभे केले, तेही याला पुष्टी देते. यातील तथ्य नाकारता येत नाही. परंतु लिपिंग मा यांनीच नोंदविले आहे की, चिनी शिक्षकांचे ज्ञान सेवेत असताना, पाठ्यपुस्तकाच्या बारकाईने केलेल्या सामूहिक अभ्यासातून वाढले होते. अनुताईंना ताराबाई मोडकांचे दीर्घ मार्गदर्शन लाभले होते, आणि ताराबाई स्वतः १९१४ साली पदवीधर झालेल्या होत्या. एकटी पदवी पुरेशी नाही हे खरे. अभ्यासाची संगत नसलेली पदविकाही पुरेशी नाही.

दुसरा आक्षेप असा की, विद्यापीठाचे काम ज्ञाननिर्मितीचे आहे, व्यवसायप्रशिक्षणाचे नाही. हा आक्षेप घेताना आपण प्राथमिक ज्ञानाला सोपे ज्ञान समजत असतो. स्थानिक किंमत ही मानवी बुद्धीच्या मोठ्या निर्मितींपैकी एक आहे. लिपी ही दुसरी. त्या दोन्ही गोष्टी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात पुन्हा कशा उभ्या राहतात, हा प्रश्न गणित, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र या तिन्ही विद्याशाखांना पुरून उरणारा आहे. फिनलंडने १९७० च्या दशकात प्राथमिक शिक्षकाची तयारी विद्यापीठात नेली आणि १९७९ पासून पदव्युत्तर पदवी अनिवार्य केली, ती हाच विचार करून.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणाऱ्या, माहिती भरण्यात आणि अशैक्षणिक कामांत गुंतलेल्या शिक्षकाकडून एवढी अपेक्षा कशी करावी? २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेत प्राथमिक शिक्षकाला दरमहा ३,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काढावी लागत होती, हेही विसरता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि वर्धा योजनेच्या अनुभवानेही तो बळकट होतो. शिक्षणाने आपला खर्च उत्पादनातून भागवावा या अपेक्षेला परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. पुढे अनेक ठिकाणी समवाय मागे पडून टकळीचा तास तेवढा उरला. चांगली कल्पना परिस्थितीचा विचार न करता शिक्षकावर लादली की तिचे कर्मकांड होते. म्हणूनच येथे अपेक्षा शिक्षकाकडून कमी आणि महाविद्यालयाकडून अधिक आहे.

महाविद्यालयांना काय करता येईल?

चार वर्षांची एकात्मिक बी.एड. बहुविद्याशाखीय संस्थांतच राबवावी, असे धोरण आहे. सिंदीसारख्या गावातील एक-दोन विद्याशाखांच्या लहान महाविद्यालयांना ती मान्यता मिळेलच असे नाही. तेव्हा शिक्षक घडविण्याचे काम मोठ्या शहरांकडे जाईल, आणि ज्या शिक्षकाने खेड्यातील मुलाला शिकवायचे त्याची घडण त्या परिसरापासून दूर होईल, ही शक्यता गंभीर आहे. फुल्यांनी मागितलेली सामाजिक जवळीक अशाने आणखी दुरावेल. मात्र मान्यतेची वाट न पाहता करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

एक, नव्या पदवी आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. मराठी विभागाच्या विद्यार्थ्याने एका सत्रात जवळच्या शाळेतील पहिलीच्या पाच मुलांचे लेखन नियमाने गोळा करून त्यातील ‘चुकां’चे भाषावैज्ञानिक वर्गीकरण केले, तर भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका त्याला वेगळ्याच रीतीने कळेल. दोन, गणित विभागाने ‘प्राथमिक गणिताची पायाभरणी’ असा एक ऐच्छिक घटक तयार करावा. त्यात संख्यानामे, स्थानिक किंमत, अपूर्णांक आणि क्षेत्रफळ एवढेच विषय असले तरी चालतील. तीन, इतिहास व भूगोल विभागांनी परिसर अभ्यासाची साधने गावातूनच उभी करावीत. सिंदीचे रेल्वेस्थानक, कापसाचा बाजार, तान्हा पोळ्यातील लाकडी नंदी घडविणारे सुतार हे चौथीच्या मुलासाठी इतिहास-भूगोलाचे जिवंत पाठ आहेत. चार, केंद्राच्या शिक्षण परिषदेत महाविद्यालयीन प्राध्यापकाने मार्गदर्शक म्हणून न जाता अभ्यासक म्हणून बसावे. वीस वर्षे पहिलीला शिकविलेल्या शिक्षिकेकडे मुलांच्या चुकांचे जे ज्ञान असते, ते कोणत्याही ग्रंथालयात नसते. ते नोंदवून घेणे हे संशोधनच आहे, आणि आपल्या नियतकालिकांत त्याला जागा असली पाहिजे.

समारोप

बी.एड. धारकाला पहिलीच्या वर्गापासून दूर ठेवण्याचा निर्णय कायद्याच्या चौकटीत झाला. त्यातून विद्यापीठीय शिक्षणावर जो अभिप्राय व्यक्त झाला, तो आपण आपल्यावरील अभिप्राय म्हणून वाचला पाहिजे. पदवीने दिलेले ज्ञान खोटे नाही, अनावश्यकही नाही. ते आरंभापासून तुटलेले आहे. १९३७ साली वर्ध्यात अर्थशास्त्रज्ञ, तत्त्वचिंतक आणि शिक्षणतज्ज्ञ पहिलीच्या मुलाचा विचार करण्यासाठी एकत्र बसले होते. सेवाग्राममध्ये २००५ साली आनंद निकेतन शाळा पुन्हा सुरू झाली, तेव्हा तो धागा शाळेच्या अंगाने पुन्हा हाती घेतला गेला. विद्यापीठाच्या अंगाने तो अजून घेतला गेलेला नाही. सिंदीपासून सेवाग्राम याच लोहमार्गावर काही स्थानके पलीकडे आहे. पुढील सत्रात आपल्या विभागाच्या एका तरी विद्यार्थ्याच्या हाती पहिलीच्या मुलाची वही द्यावी आणि त्यातील ‘डोया’ या शब्दावर काय लिहायचे, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. एवढ्यापासून आरंभ करण्यास कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.